एका तारेवरची तीन मशीन

दुकानात तीन कॉम्प्युटर होते आणि त्या तिघांत थोरला कोणीच नव्हता. भावांमध्ये थोरला होता, मधला होता, धाकटा होता. मशीनमध्ये तसं काही नव्हतं. प्रत्येकाचं आपापलं टेबल, आपापलं मशीन, आणि भिंतीच्या कडेनं गेलेली निळी तार तिघांना जोडणारी. तार एका छोट्या डबीत शिरायची आणि त्या डबीवर हिरवे दिवे लुकलुकायचे. सकाळी झाडताना मी तिच्यावरची धूळ पुसायला गेले की थोरले भाऊ म्हणायचे, "मावशी, त्याला वल्लं फडकं लावू नका. सगळा कारभार तिथून चालतो."

कारभार चालत होता हे खरं. हिंगोलीत तेव्हा फोटोची दुकानं बरीच होती, पण लग्नाचा अल्बम कॉम्प्युटरवर बनवून देणारी थोडीच. पुसेगावकडून, नरसीकडून, तांड्यांवरून लोक यायचे. आधी हा यांच्या वडिलांचा स्टुडिओ होता, रोलचा, अंधाऱ्या खोलीचा. वडील गेल्यावर तिघांनी मिळून मशीन घेतली. मी वडिलांच्या काळापासून तिथं झाडलोट करायची. पाणी भरायचं, मागचे रंगीत पडदे झटकायचे, आणि बायका फोटोला आल्या की आतल्या कोपऱ्यात त्यांना साडी नीट करायला आरसा धरायचा. एखादी पोरगी घाबरली तर तिच्याजवळ उभं राहायचं. बोलायची मी फारशी नाही. गिऱ्हाइकानं काही विचारलं तर आत बोट दाखवायची. धाकटा भाऊ म्हणायचा, "मावशी, देवानं तुम्हाला आवाज द्यायचा इसरला काय?" मी तोंडाला पदर लावून हसायची.

मशीन बसवायला नांदेडहून माणूस आला होता, तो दिवस मला आठवतो. त्यानं तारा ओढल्या, मग चहा पिता पिता म्हणाला, "एक चौथं मशीन घ्या अन् त्याला मुख्य करा. सगळे फोटो त्याच्यात. त्यालाच कुलूप. कोण आलं, कोणी काय उघडलं, ते त्याच्याजवळ राहतं. तिघं असे बराबरीचे ठेवले तर कुणीबी कुणाचं उघडंल. अन् उद्या काही झालं तर कुणी केलं हे सांगता येणार न्हाई."

थोरले भाऊ हसले. "भावाभावांत कुलूप काहून पाहिजे? आमच्या घरात कपाटाला सुद्धा कुलूप न्हाई. घरात कुलूप आलं की चूल वेगळी होती."

"मग पासवर्ड तरी टाका."

मधला म्हणाला, "रोज उठून कोण टाईप करीत बसंल?"

तो माणूस चहा संपवून गेला. मला तेव्हा थोरल्या भावांचं बोलणं फार आवडलं होतं. आमच्या घरात दोन दीर वेगळे निघाले तेव्हा पहिल्यांदा कुलूपच आलं होतं, पेटीला. मला वाटलं, किती चांगले भाऊ आहेत.

मग एकेक गंमत सुरू झाली. फोटो छापायचं मशीन मधल्याच्या टेबलाला जोडलेलं होतं. तो जेवायला जाताना आपलं मशीन बंद करून जायचा, की बाकी दोघं हात चोळत बसायचे. गिऱ्हाईक ओरडायचं, थोरले भाऊ घरी फोन लावायचे, "तू जेव, पण ते चालू ठेवून जेवत जा ना बाबा." एकदा एकाच लग्नाचा अल्बम दोन भावांनी दोन मशीनवरून उघडला. एकानं केलेलं दुसऱ्यानं वरून पुसलं. अल्बम छापून गेला, आणि आठवड्यानं नवरीचा मामा तो काखेत मारून दुकानात उभा.

"पोरीला मांडवात कोण घेऊन आलं?" त्यानं विचारलं.

"मामा आणतो," थोरले भाऊ म्हणाले.

"मग ह्याच्यात मामा दाखवा. तिचा चुलता हाय, आत्याचा दीर हाय, जेवायला आलेली कुत्री हायत. मामा न्हाई."

तिघं भाऊ एकमेकांकडे बघू लागले. मी न्हाई केलं, म्या न्हाई केलं. मामा म्हणाला, "तुमी तिघांनी केलं न्हाई, मग मशीनला माझा राग हाय काय?" आतल्या कोपऱ्यातल्या बायका हसून हसून बसल्या. मीही हसले. तेव्हा मला हसू येत होतं.

वारंगा फाट्याला मधल्या भावाचा मेहुणा राहायचा. त्याची मोबाईलची टपरी होती, लोकांच्या मोबाईलमध्ये गाणी आणि सिनेमे भरून द्यायचा. ते भरायला त्याला माल लागायचा, आणि तो माल तो इथून न्यायचा. आठ-पंधरा दिवसांनी यायचा, काळा चष्मा डोक्यावर ढकललेला, आणि जे मशीन रिकामं असेल त्याच्यापुढं बसायचा. "दाजीचं दुकान म्हणजे आपलंच दुकान," असं म्हणायचा. कोणत्याही टेबलावर बसला तरी तिन्ही टेबलांचं त्याला दिसायचं. त्यानं आणलेल्या गाण्यांबरोबर एकदा रोगही आला, एका मशीनमधून तारेवाटे दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. दोन दिवस दुकान बंद राहिलं. तरी त्याला कुणी उठ म्हणालं नाही. पाहुणा होता. मधल्याच्या बायकोचा भाऊ होता. मी त्यालाही पाणी नेऊन द्यायची. त्या पाण्याचा मला आजही पस्तावा आहे.

माझी मुलगी दहावी झाली होती. शिवणकाम शिकत होती आणि आमच्या गल्लीतल्या बायकांचे ब्लाऊज शिवायची. वारंगा फाट्याजवळच्या गावातून एक स्थळ आलं. मुलगा आयटीआय झालेला, मोटारीची वायरिंग करायचा, दारू नाही, तंबाखू नाही. त्यांनी आधी फोटो मागितला. शेजारणीची पिवळी साडी नेसवून मी मुलीला दुकानात घेऊन गेले. थोरल्या भावांनी स्वतः फोटो काढला. काही घेतलं नाही. म्हणाले, "मावशीची लेक म्हणजे आमची भाची." तिला जरा डावीकडे मान कर म्हणाले. ती मान जरा जास्तच वळली, त्यामुळे कानातलं दिसलं आणि फोटो फार छान आला. मुलाकडच्यांना पसंत पडला. ते येऊन बघून गेले, बोलणं झालं, साखरपुड्याचा दिवस धरला.

मग एका दुपारी मुलाची आई एकटीच आली. तिच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं. मी पाणी दिलं, तिनं ते घेतलं नाही.

"आजवर तुम्हाला इहीणबाई म्हणलं," ती म्हणाली. "आज बाईच म्हणते. हे बघा."

फोटो होता. माझी मुलगी, पिवळी साडी, डावीकडे वळलेली मान. तिच्या खांद्यावर हात ठेवून एक माणूस उभा, काळा चष्मा डोक्यावर. मागं तळं आणि पांढरे हंस.

"फाट्यावर ज्याच्या त्याच्या मोबाईलमदी हाय हे. माझ्या पोरालाच दाखवलं कुणी तरी. म्हणलं, बघ तुझी होणारी कुणाबरोबर फिरून राहिली."

मुलगी आतून उठून आली. तिनं फोटो हातात घेऊन नीट पाहिला. रडली नाही. म्हणाली, "आई, हा आपल्या दुकानातला फोटो हाय. मी ह्या माणसाला कधी जवळून बघितलं सुद्धा न्हाई."

मी बघितलं होतं. पाणी दिलं होतं. आणि ते तळंही मी ओळखत होते. तिन्ही मशीनवर ते होतं, नवरा-नवरीच्या मागं घालायला. कितीतरी जोड्या त्या हंसांपुढं उभ्या केलेल्या मी पाहिल्या होत्या, ज्यांनी आयुष्यात तळं पाहिलं नसेल.

मुलाची आई माझ्याकडे वळून खालच्या आवाजात म्हणाली, "मलाबी दोन पोरी हायत. खरं का खोटं हा सवाल न्हाई. तुमची लेक चांगली हाय हे मला दिसतं. सवाल चारचौघांचा हाय. ज्यानं हे केलं त्यानं आमच्या दारात येऊन भावकीपुढं सांगावं, म्या केलं, पोरीचा काही संबंध न्हाई. एवढं झालं तर सुपारी फुटंल. साखरपुड्याच्या आदल्या दिवसापर्यंत वाट बघते."

फोटो आमच्याकडेच ठेवून ती गेली. मुलीचे वडील मोंढ्यात हमाली करायचे. संध्याकाळी आल्यावर त्यांना सगळं सांगितलं. ते आधी काठी शोधायला उठले, मग बसले. म्हणाले, "मारलं तर गावाला कळंल. पोलिसात गेलं तर हा फोटो त्यांच्या टेबलावर पडंल, अन् चहा देणारा सुद्धा बघंल. गप ऱ्हा." ते त्यांच्या जागी बरोबर होते. पण गप्प राहायचं म्हणजे माझ्या मुलीनं आयुष्यभर त्या माणसाचा हात खांद्यावर घेऊन राहायचं.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेले, झाडू हातात न घेता. थोरल्या भावांच्या टेबलावर फोटो ठेवला आणि म्हणाले, "भाऊ, हे तुमच्याकडं बनलं."

त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी दोघा भावांना हाक मारली. तिन्ही मशीन उघडून बघितली. माझ्या मुलीचा साधा फोटो तिन्हींत होता. जोडलेला फोटो धाकट्याच्या मशीनमध्ये सापडला, गाण्यांच्या फोल्डरमध्ये.

धाकटा म्हणाला, "माझ्यात सापडला म्हणजे म्या ठेवला असं होतं का? तिन्हीकडून माझं उघडतं. तुमीच तर कुलूप लावू देत न्हाईत."

"मग कुणी केला?"

"मला काय ठाव?"

मधला लगेच म्हणाला, "माझ्या मेहुण्याचं नाव घेऊ नका. त्याचाबी फोटो इथंच व्हता, दिवाळीला काढलेला. दोघांचे फोटो एका तारेवर. कुणीबी जोडावं. त्यालाच कुणी तरी फसवलं असंल."

"तोच इथं येऊन बसतो ना?" मी म्हणाले. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

"बसतो. पण बसलेलं कुणी बघितलं? कोणत्या टेबलावर? कोणत्या दिवशी? सांगा की."

मला सांगता आलं नाही. कुणालाच आलं नसतं. नांदेडच्या माणसानं म्हटलं होतं तसंच झालं होतं.

मी थोरल्या भावांकडे वळले. "तुमी थोरले हाव. त्याला घेऊन चला. त्यानं त्यांच्या दारात एवढंच सांगावं. दुसरं मला काही नको."

ते टेबलाकडे बघत राहिले. "मावशी, कुणाला धरू? तिघं सारखे. पुरावा न्हाई. न केलेलं कुणाच्या तोंडून कसं वदवू?"

मधला म्हणाला, "अन् त्याचंबी लग्न व्हायचं हाय. एकदा नाव गेलं तर परत येतं का?"

हे वाक्य मी विसरलेली नाही. ज्याला ते म्हणायची लाज वाटायला पाहिजे होती त्यालाच ते सुचलं.

"मग तो फोटो तरी काढून टाका," मी म्हणाले.

"तिन्हीकडून पुसला," थोरले भाऊ म्हणाले. "पण मोबाईलात गेला तो कुठून आणू? ह्याच्याकडून त्याच्याकडं, त्याच्याकडून तिसऱ्याकडं. त्याला काही मालक असतो का मावशी, की त्याच्याकडून परत मागावं?"

साखरपुड्याचा दिवस आला आणि गेला. कुणी कुणाच्या दारात गेलं नाही. मुलीनं शेजारणीची साडी धुऊन, इस्त्री करून परत दिली. शिवणाच्या क्लासला जाणं बंद केलं, कारण वाटेत मोबाईल घेऊन उभी असलेली पोरं दिसली की तिला वाटायचं, यांच्याकडे आहे. मी म्हटलं, नसंल गं. ती म्हणाली, "आई, असंल न्हाईतर नसंल. मला कसं कळंल?"

लोकांना वाटलं, मी आता दुकानात जाणार नाही. मी गेले. शेजारीण म्हणाली, "तुला लाज कशी वाटत न्हाई त्यांच्याकडं झाडू मारायला?" मी तिला काही सांगितलं नाही. माझ्याजवळ पैसा नव्हता, माणसं नव्हती, मोठ्यानं बोलायची हिंमत नव्हती. आतला कोपरा मात्र होता. पडद्याआडचा, आरशाचा. तिथं तिघा भावांपैकी कुणी पाऊल टाकत नव्हतं, कारण तिथं बायका पदर सोडून उभ्या असायच्या.

पहिली बाई नरसीची होती, दोन मुलींना घेऊन आली होती, दोघींचे स्थळासाठी फोटो काढायचे होते. मी आरसा धरला. थोरली केस नीट करत होती. मी तिच्या आईला हळूच म्हणाले, "अक्का, एक सांगू का?"

"सांग की माय."

"आत तीन मशीन हायत. एका तारेला. एकालाबी कुलूप न्हाई. तुमच्या लेकीचा फोटो तिन्हीकडं राहतो. भायेरचे लोकबी येऊन बसतात."

"भायेरचे म्हणजे?"

"पाहुणे-रावळे. कोण काय घेऊन जातं, कुणाला ठाव न्हाई. तुमी इचारून बघा, कुणाकडं राहतो म्हणून."

बाईनं मुलीच्या हातातला कंगवा घेतला आणि पिशवीत टाकला. बाहेर जाऊन थोरल्या भावांना तेवढंच विचारलं, "फोटो कोणत्या मशीनमदी राहतो?" ते म्हणाले, "कोणत्याही, तिन्ही एकच हायत." त्यांना वाटलं चांगलं सांगितलं. बाई म्हणाली, "बरं, पुन्हा येतो," आणि गेली.

मी बोललेल्या त्या दोन-चार वाक्यांची गोडी मला लागली. खोटं एक अक्षर नव्हतं त्यात. माझ्या मुलीचं नाव नव्हतं, मेहुण्याचं नव्हतं. ज्या बाईबरोबर वयात आलेली मुलगी असेल तिलाच मी सांगायची, आरसा धरून, आणि मग गप्प. कुणी पुढं विचारलं तर म्हणायची, "मला जास्त कळत न्हाई माय, मी झाडणारी." आयुष्यभर माझ्या न बोलण्याला लोक हसले होते. पण जी बाई कधी बोलत नाही ती बोलली की दुसरी बाई ऐकते, हे मला तेव्हा समजलं.

पुढचं काम मला करावंच लागलं नाही. त्या बायका आपापल्या गावी गेल्या. नळावर गेल्या, आठवडी बाजाराला गेल्या, जावेला बोलल्या, जावेनं माहेरी सांगितलं. एकदा मी सेनगावच्या गाडीत बसले होते. शेजारच्या बाईनं माझ्या हातातली पिशवी बघून विचारलं, कुठं काम करता. मी सांगितलं नाही. मग ती आपणहूनच म्हणाली, "पोरीचा फोटो काढायचा तर त्या तीन भावांच्या दुकानात नका जाऊ बरं. तिथून जमिनीखालून तार टाकलेली हाय, थेट वारंगा फाट्यापर्यंत. इकडं फोटो काढला की तिकडं निघतो."

"व्हय का?" मी म्हणाले.

"तर काय. माझ्या नणंदेनं डोळ्यांनी बघितली."

मी तिला चुकीचं आहे म्हणाले नाही. खिडकीबाहेर बघत बसले आणि मला फार दिवसांनी बरं वाटलं.

लगीनसराई आली तरी मुलींचे फोटो काढायला कुणी येईना. मग लग्नाची कामंही दुसऱ्या दुकानांकडे जाऊ लागली, कारण लग्नात मुली असतातच. थोरले भाऊ उन्हात रस्त्याकडे बघत बसायचे. एक दिवस ओळखीच्या एका बाईला त्यांनी थांबवून विचारलं, "ताई, आमच्याबद्दल काय ऐकलं तुमी? कुणी सांगितलं?" ती म्हणाली, जावेनं. जावेला विचारलं, ती म्हणाली, पुसेगावच्या बाजारात एक बाई भेटली. बाजारातल्या बाईचा पत्ता कुणाजवळ नव्हता. मी पाण्याचा माठ घासत होते. सगळं ऐकत होते.

तिघांत भांडणं लागली. मधला म्हणायचा धाकट्याच्या गाण्यांमुळे बदनामी झाली, धाकटा म्हणायचा मधल्याच्या पाहुण्यामुळे. मग मधल्यानं आपल्या मशीनला पासवर्ड टाकला. छापायचं मशीन त्याच्याचकडे होतं, त्यामुळे दोघांना त्याच्यापुढं उभं राहावं लागायचं. धाकट्यानं रागानं आपली तार उपसून काढली. डबीवरचा एक दिवा विझला. त्या भांडणातच एक दिवस धाकटा ओरडला, "माझ्या मशीनवर बसून तुझ्या साळ्यानंच बनवला तो फोटो. म्या बघितलं व्हतं. हसत हसत बनवला त्यानं. तुझ्या बायकोच्या भ्यानं गप ऱ्हायलो."

मी पडद्याआडून बाहेर आले. धाकट्यानं मला बघितलं आणि मान खाली घातली. म्हणजे पहिल्या दिवशी, मी फोटो टेबलावर ठेवला त्या सकाळी, त्याला माहीत होतं. मला काय ठाव, असं तो माझ्या तोंडावर म्हणाला होता. मला मावशी म्हणणारा. त्यानं तेव्हा दोन शब्द खरे बोलले असते तर माझ्या मुलीची सुपारी फुटली असती.

थोरले भाऊ दुसऱ्या दिवशी फाट्याला गेले. मेहुण्याला गचांडी धरून त्या गावी नेलं. भावकीपुढं त्यानं सांगितलं की मी केलं, मुलीचा संबंध नाही. तो म्हणे चष्मा काढून, जमिनीकडे बघत बोलला. पण मुलाचं लग्न होऊन तेव्हा दोन महिने झाले होते. मुलाच्या आईनं माझ्यासाठी निरोप पाठवला, "ऐकलं म्हणावं." बस, एवढाच. तिला मी दोष देत नाही. तिनं वाट बघितली होती.

थोरले भाऊ आमच्या घरी आले. पहिल्यांदाच. मुलीनं त्यांना पाणी दिलं आणि आत निघून गेली.

"मावशी," ते म्हणाले, "तुमीच ना?"

"काय, भाऊ?"

"बायांना सांगणाऱ्या."

मी काही बोलले नाही.

"मला राग न्हाई. आमचं चुकलं. त्यानं कबूल केलं, मशीनला कुलपं लावली, ती तार बी काढली. आता तरी बायांना सांगा, की दुकान चांगलं हाय. तुमचं ऐकतील. तीन घरं हायत त्या दुकानावर."

ते खरंच रडवेले झाले होते. माणूस वाईट नव्हता. त्यांचा दोष एवढाच की थोरले असून त्यांनी थोरलेपण केलं नाही. पण माझ्या मुलीच्या बाबतीत तेवढाच दोष पुरला.

मी म्हणाले, "भाऊ, एकीकडून दुसरीकडं गेलेलं मी कुठून आणू?"

ते उठले. चपला घालताना त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी त्यांना पहिल्यांदा दिसले.

खरं तर मी सांगू शकले असते. तोच कोपरा होता, तोच आरसा. दहा बायकांना सांगितलं असतं तर काही महिन्यांत गाडी वळली असती. मी सांगितलं नाही. मला सांगायचं नव्हतं. पुढच्या वर्षी दुकानाची पाटी उतरली. मधल्यानं मोबाईलचं दुकान टाकलं, धाकटा परभणीला गेला, थोरले भाऊ कुठंतरी शाळेच्या फोटोंची कामं करतात म्हणे. चुली वेगळ्या झाल्या. मी आता शाळेत खिचडी शिजवते. मेहुणा फाट्यावरच आहे, त्याचं लग्न झालं, त्याला मुलगी आहे. तिचा वाढदिवसाचा फोटो मी त्याच्या टपरीवर टांगलेला बघितला. मी त्या मुलीचं वाईट चिंतत नाही. त्याचं चिंतते. ते काही कमी झालेलं नाही, आणि कमी व्हावं असं मला वाटतही नाही.

माझ्या मुलीचं लग्न उशिरा झालं, वसमतच्या बाजूच्या गावात, एका बिजवराबरोबर. तो बरा माणूस आहे, तिला जपतो. आमच्या वस्तीच्या विहारात लग्न लागलं, पांढऱ्या साडीत ती उभी होती. तिची एकच अट होती, फोटोवाला नको. मुलाकडचा एक जण मोबाईल काढू लागला तर ती हार हातात घेऊन थांबली, आणि त्यानं तो खिशात घालेपर्यंत तिनं हार घातला नाही. सगळे हसले, त्यांना वाटलं लाजते आहे. तिच्या लग्नाचा एकही फोटो नाही. तिचे वडील पुढं वारले, लग्नात त्यांनी बांधलेला नवा फेटा मला आठवतो तेवढाच उरला. आता माझे डोळे अधू होत चाललेत आणि ती त्या दिवशी कशी दिसत होती हे मला रोज थोडं कमी आठवतं. याची भरपाई त्या तिघांकडून आणि त्या चौथ्याकडून मला अजून मिळालेली नाही.